डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पत्रव्यवहार आणि त्यांची चरित्रे

वैद्याचे चरित्र सामान्यतः त्याने केलेल्या चिकित्सेच्या आधारे लिहिले जाते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या चरित्रकारापुढे मुंबईतील धर्मार्थ दवाखाना आणि कुष्ठरोगावरील त्यांचे प्रयोग असतात, डॉ. रखमाबाई यांच्या चरित्रकारापुढे सुरत व राजकोट येथील रुग्णालयांतील दीर्घ सेवा असते. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रकारापुढे असे काहीच नसते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेची एम्. डी. ही पदवी घेतली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबर रोजी त्या क्षयाने जर्जर होऊन मुंबईस उतरल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. स्वदेशी परतल्यानंतर त्यांना लाभलेले आयुष्य अवघे १०२ दिवसांचे. वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. रुग्ण नाहीत, दवाखाना नाही, शिष्यवर्ग नाही. ज्यावर चरित्र उभारावे असे जे मागे उरले, त्यातला फार मोठा भाग म्हणजे त्यांची पत्रे.

ही पत्रे दोन भाषांत लिहिलेली आहेत आणि मुख्यत्वे दोन व्यक्तींना लिहिलेली आहेत. न्यू जर्सीतील रोझेल या गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांना लिहिलेली पत्रे इंग्रजीत आहेत. पती गोपाळराव जोशी यांना अमेरिकेतून लिहिलेली पत्रे मराठीत आहेत. पहिली अमेरिकेत राहिली, दुसरी हिंदुस्थानात. पहिल्यांच्या आधारे बॉस्टनमध्ये एक इंग्रजी चरित्र निर्माण झाले, दुसऱ्यांच्या आधारे महाराष्ट्रात एक मराठी चरित्र. या दोन चरित्रांतून उभ्या राहणाऱ्या दोन आनंदीबाई एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, हे अभ्यासकांच्या ध्यानात येऊन बराच काळ लोटला आहे. हा भेद चरित्रलेखिकांच्या दृष्टिभेदातून निर्माण झाला, असे मानण्याकडे साधारण कल असतो. तो काही अंशी बरोबरही आहे. परंतु त्याचे मूळ त्याहून मागे, पत्रांच्या अंगभूत रचनेतच आहे. पत्राला एक वाचक असतो, आणि त्या वाचकाला उद्देशूनच त्यातील सत्य बोलले जाते. चरित्रलेखिकेच्या हाती ज्या वाचकाची पेटी आली, त्या वाचकापुरती आनंदीबाई तिला सापडली.

या पत्रव्यवहाराचा आरंभ आनंदीबाईंच्या लेखणीने झालेला नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास जन्मलेली, कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, टपालखात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांना दिली गेली आणि सासरी तिचे नाव आनंदी झाले. गोपाळराव बिजवर होते, मूळचे संगमनेरचे. बायकोला शिकवावयाचे या एका गोष्टीचा त्यांनी जो ध्यास घेतला, तो त्या काळाच्या सुधारकांतही विरळा होता. १८७८ मध्ये ते कोल्हापुरास असताना त्यांनी तेथील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे गोहीन यांस पत्र लिहून आपणास व आपल्या पत्नीस अमेरिकेस जाण्याच्या कामी साहाय्य मिळेल काय, अशी विचारणा केली. ते पत्र पुढे रॉयल गूल्ड वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर हे कोल्हापुरास परके नव्हते. १८५२ पासून त्यांनी त्या शहरात मिशनचे काम केले होते. पुढे मायदेशी परतून त्यांनी प्रिन्स्टन येथे ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले होते. त्या नियतकालिकात १८७९ च्या आरंभी गोपाळरावांचे पत्र उत्तरासह छापून आले. उत्तराचा आशय असा की, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार होणार असेल तर विचार करता येईल. गोपाळरावांस ती अट मान्य नव्हती आणि तो विषय तेथेच संपला असता.

म्हणजे आनंदीबाईंविषयी छापला गेलेला हा आरंभीचा मजकूर इंग्रजीत आहे, पतीने लिहिलेला आहे, आणि त्यात त्या स्वतः एक शब्दही बोलत नाहीत. बोलणी चालली आहेत ती दोन पुरुषांची, एका स्त्रीच्या शिक्षणाविषयी आणि धर्माविषयी.

हा छापील मजकूर रोझेलच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या दृष्टीस १८८० मध्ये पडला तो दंतवैद्याच्या दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना. या योगायोगाचे वर्णन प्रत्येक चरित्रात येते आणि ते यावे हे साहजिकच आहे. मात्र त्यामागील एका ऐतिहासिक परिस्थितीकडे चरित्रकारांचे सहसा लक्ष गेलेले नाही. ब्रिटिश हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी आंतरराष्ट्रीय टपालसंघात सामील झाला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने त्यात आरंभापासूनच होती. दोन्ही देश एकाच टपालव्यवस्थेत आले होते, आणि न्यू जर्सीतील एका खेडेवजा गावातील गृहिणीने कोणा अनोळखी हिंदू मुलीला पत्र पाठविणे ही आता व्यवहारात बसणारी गोष्ट झाली होती. ते पत्र ज्या घरी पोहोचले त्या घरचा यजमान टपालखात्यातच नोकरीस होता, हा त्यातला आणखी एक योग. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर अशी गोपाळरावांची बदलीची वाट होती. हा पत्रव्यवहार त्याच वाटेने त्यांच्यामागून फिरत राहिला.

श्रीमती कार्पेंटर यांचे पत्र आले तेव्हा जोशी दांपत्य कच्छमधील भूज येथे होते. आनंदीबाईंचे वय पंधरा. या वयात, काही वर्षांपूर्वीच शिकलेल्या परभाषेत, कधी न पाहिलेल्या स्त्रीला त्या लिहू लागल्या. ही पत्रे वाचताना दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. एक, कार्पेंटरबाईंना हिंदू चालीरीतींविषयी कुतूहल होते, आणि आनंदीबाई ते कुतूहल एखाद्या दक्ष दुभाषाप्रमाणे पुरवीत होत्या. सण, व्रते, जेवणखाण, नातीगोती, वेष यांविषयीचे खुलासे त्यांत वरचेवर येतात. लिहिणारी मुलगी येथे एकटी बोलत नाही, तिच्या तोंडून एक समाज बोलत असतो, आणि म्हणूनच तिला जपून बोलावे लागते. परक्यापुढे घरची झाकली मूठ उघडायची नाही हा संस्कार त्या लेखनात सर्वत्र आहे. पुढे अमेरिकेत असताना बालविवाहाच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या समाजाच्या बाजूने भाषण केले, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. या पत्रांचा सूर ज्याने ओळखला आहे त्यास ते वाटू नये.

दुसरी गोष्ट नात्याच्या शब्दाची. आनंदीबाई इंग्रजी पत्रांत कार्पेंटरबाईंना ‘आंट’ म्हणून संबोधतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी त्याचे भाषांतर ‘मावशी’ असे केले आणि तेच रूढ झाले. भाषेच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची निवड झाली आहे. इंग्रजी शब्दात मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींचा समावेश होतो. मराठीत मात्र या चौघी चार निरनिराळ्या घरांतल्या आहेत. आत्या आणि काकू बापाच्या बाजूच्या, मामी आजोळची पण परक्या घरातून आलेली. मावशी तेवढी आईच्या रक्ताची. ‘माय मरो आणि मावशी जगो’ या म्हणीत मराठी भाषेने या नात्याला जे स्थान दिले आहे ते दुसऱ्या कोणत्याही नात्याला दिलेले नाही. आनंदीबाईंच्या बाबतीत ही म्हण काहीशी अस्वस्थ करणारी आहे. कारण आई गंगाबाई यांनी बालपणी केलेल्या कठोर शिक्षांविषयी, त्यांच्या तोंडून मायेचा शब्द न मिळाल्याविषयी, त्यांनी लिहिले ते या मावशीच्याच पेटीत सापडले. आईची तक्रार मावशीपाशी करता येते. ते मराठी घरात निषिद्ध नाही. नवऱ्याची तक्रार मात्र परक्या देशातील मावशीपाशी करता येत नाही. रोझेलच्या पेटीत आई कठोर आहे आणि पती उदार आहे, याचे कारण केवळ वस्तुस्थितीत शोधून चालणार नाही. कोणापाशी काय बोलावे या नियमातही ते शोधले पाहिजे.

या इंग्रजी लेखनाचा सर्वांत जाहीर नमुना म्हणजे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी केलेले भाषण. आपण अमेरिकेस का जातो, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीने का, जातीने वाळीत टाकले तर काय, संकट आले तर काय, आणि आपल्यापैकी कोणाही स्त्रीने जे केले नाही ते आपणच का करावे, असे आपणास विचारले जाणारे प्रश्न एकामागून एक मांडून त्यांनी उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही त्यांची प्रतिज्ञा याच भाषणातली. वाइल्डर यांनी चार वर्षांपूर्वी गोपाळरावांना छापील उत्तर देऊन जी अट घातली होती, तिचे हे उत्तर होते, आणि ते या वेळी आनंदीबाईंनी स्वतःच्या तोंडाने दिले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. प्रवासाचे दिवस ५८. बंदरावर कार्पेंटरबाई होत्या.

त्याच वर्षी विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी जे पत्र लिहिले, ते या सर्व पत्रांमध्ये वेगळे उठून दिसते. त्यात आर्जव आहे, पण दैन्य नाही. आपली शैक्षणिक पात्रता अपुरी आहे हे त्या लपवीत नाहीत; पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा हा आपला हेतू सांगून, निर्धाराच्या बळावर आपला विचार व्हावा अशी मागणी त्या करतात. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. हे पत्र त्या संस्थेच्या कागदपत्रांत टिकून राहिले आणि आज ते फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. म्हणजे कोणत्याही नातलगाच्या वा चरित्रकाराच्या हाताखालून न जाता ते थेट अभ्यासकापर्यंत पोहोचले आहे. आनंदीबाईंच्या लेखनापैकी अशी सोय फार थोड्या लेखनाला लाभली.

आता दुसऱ्या पेटीकडे वळावयाचे. जून १८८३ पासून १८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेस पोहोचेपर्यंत पतिपत्नींचा संसार हा केवळ कागदावरचा होता. पत्नीने पतीला पत्र लिहिणे ही गोष्टच तेव्हाच्या मराठी समाजात नवी होती. मराठी पत्रलेखनाचे मायने पुरुषांच्या व्यवहारातून घडलेले होते. ज्या समाजात स्त्री नवऱ्याचे नावही उच्चारीत नाही आणि चारचौघांत त्याच्याशी बोलतही नाही, तेथे ती त्याला सलग चार पाने लिहिते म्हणजे काय करते, याचा नमुना तिच्यापुढे नव्हता. इंग्रजीत एकच सर्वनाम साऱ्यांना चालते. मराठीत पत्नीला प्रत्येक वाक्यात पतीच्या थोरवीची नोंद सर्वनामाने आणि क्रियापदाने करावी लागते. प्रत्येक वाक्याला वाकावे लागणाऱ्या भाषेत ताठ उभे राहून बोलणे ही आनंदीबाईंच्या मराठी पत्रांची खरी कसोटी होती, आणि त्या तीत उतरल्या.

गोपाळरावांनी आपल्या पत्रांतून संशय आणि आरोप पाठवावेत, व आनंदीबाईंनी खुलासे पाठवावेत, असा या पत्रव्यवहाराचा बराचसा क्रम आहे. वेष बदलला काय, आचार सुटला काय, स्वभाव पालटला काय, अशी ही उलटतपासणी. पत्राला उत्तर येण्यास अनेक आठवडे लागत. एका बोचऱ्या वाक्याचा सल तितके आठवडे टिके आणि उत्तर येईपर्यंत दुसरे बोचरे वाक्य वाटेला लागलेले असे. ज्याने तिला पाठविले तोच आता ती गेली म्हणून रागावला होता. हा विरोध गोपाळरावांच्या स्वभावातला आहे आणि तो कोणत्याही चरित्राने पुरता उलगडलेला नाही.

याच खुलाशांमध्ये ते एक पत्र आहे, ज्यामुळे आनंदीबाईंच्या चरित्राचा विचारच बदलावा लागतो. पतीने आपल्याला कसे वागविले याचा हिशेब त्या पतीलाच लिहून पाठवितात. आपले वागणे चांगले की वाईट असे विचाराल तर दोन्ही, असा त्यांचा निवाडा आहे. अंतिम हेतूकडे पाहता ते योग्य, पण बालमनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहता अयोग्य. मग वयाच्या क्रमाने तपशील येतात: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी आणखी काही चमत्कारिक शिक्षा. त्या कोवळ्या वयात आपण घर सोडून गेलो असतो तर काय झाले असते, हा प्रश्न त्या विचारतात, आणि वडिलांच्या अब्रूसाठी तसे केले नाही हेही सांगतात. शेवटी हिंदू पत्नीच्या अधिकारांविषयी जे त्या लिहितात त्यात उपरोध इतका शांत आहे की घाईने वाचणाऱ्याला तो आज्ञाधारकपणा वाटावा. नवऱ्याला वाटेल ते करू देण्याचा आणि आपण गप्प राहण्याचा, एवढाच तिचा अधिकार!

या परिच्छेदाची घडण तक्रारीची नाही. ती न्यायाधीशाच्या निकालपत्राची आहे. प्रथम मुद्दा, मग दोन्ही पक्षांचे म्हणणे, मग पुरावा कालानुक्रमाने, मग परिणाम. वीस वर्षांच्या आतबाहेर असलेल्या विद्यार्थिनीने ही शिस्त कोठून मिळविली, याचे उत्तर तिच्या वैद्यकीय शिक्षणात शोधण्याचा मोह होतो. रोग्याचा पूर्ववृत्तान्त वयाच्या क्रमाने नोंदवावा, मग निदान करावे, ही पद्धत ती त्याच सुमारास शिकत होती. तिने नोंदविलेला हा पूर्ववृत्तान्त तिचा स्वतःचा आहे. असे असले तरी हे अनुमानच. ते सिद्ध करता येणार नाही.

आनंदीबाईंच्या निधनाच्याच वर्षी, १८८७ मध्ये, पंडिता रमाबाईंचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्याला बॉडलीबाईंनी जी प्रस्तावना लिहिली तीत आपल्या विद्यार्थिनीचा जीवनवृत्तान्त आला आहे. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन हिली डॉल यांचे स्वतंत्र चरित्र बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने काढले. डॉल या स्त्रियांच्या हक्कांसाठी दीर्घकाळ लिहिणाऱ्या, बॉस्टनच्या सुधारक वर्तुळात वाढलेल्या लेखिका. त्यांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर चरित्रनायिकेचे नाव ‘आनंदाबाई’ असे छापले आहे आणि तिची ओळख पंडिता रमाबाईंची नातलग अशी करून दिली आहे. रमाबाई त्या वेळी अमेरिकाभर व्याख्याने देत होत्या, त्यांचे नाव सर्वतोमुखी होते. परलोकवासी डॉक्टरीणबाईंना तिऱ्हाईत वाचकाशी जोडण्यास हा दुवा उपयोगी पडला असेल. पण मराठी वाचकाला तो थोडा खटकतो. जिचे चरित्र, तिलाच दुसरीच्या नावाने हाक मारल्यासारखे होते.

डॉलबाईंच्या ग्रंथाचा मुख्य आधार रोझेलची पेटी. ज्या पत्रांतून समाजाचा कैवार घेतला होता, पतीचा गौरव केला होता, धर्माभिमान सांभाळला होता, तीच त्यांच्यापुढे होती. परिणामी त्यांची आनंदाबाई सोशिक, करारी आणि जवळजवळ संतपदाला पोहोचलेली दिसते. डॉलबाईंनी ते रचले असे म्हणणे अन्यायाचे होईल. आनंदीबाईंनी अमेरिकन वाचकासाठी स्वतःचे जे चित्र काढले होते, ते डॉलबाईंनी चौकट घालून पुढे केले, एवढेच.

मराठी चरित्र लिहिले काशीबाई कानिटकर यांनी. डॉलबाईंच्या ग्रंथानंतर अल्पावधीतच ते सिद्ध झाले. त्याची दुसरी आवृत्ती १९१२ मध्ये मुंबईच्या मनोरंजक ग्रंथप्रसारक मंडळीने काढली. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले पहिले चरित्र म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. परंतु त्याचे वैशिष्ट्य तेवढेच नाही. ग्रंथाच्या नावातच ‘चरित्र व पत्रे’ असे शब्द आहेत. म्हणजे पत्रे ही साधने म्हणून वापरून बाजूला सारलेली नाहीत, ती ग्रंथाचा भाग म्हणून वाचकाच्या हाती दिली आहेत. काशीबाईंना या निर्णयाचे मोल कळण्याजोगे कारण होते. १८६१ मध्ये जन्मलेल्या काशीबाईंना शाळा अशी मिळालीच नव्हती. विवाहानंतर पती गोविंदराव यांच्या प्रोत्साहनाने, घरच्यांची बोलणी खात, त्या शिकल्या. नवऱ्याची इच्छा आणि स्वतःची इच्छा यांतली सीमारेषा कोठे असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ‘रंगराव’ आणि ‘पालखीचा गोंडा’ या पुढील कादंबऱ्या लिहिणारी लेखिका येथे आपली दृष्टी घडवीत होती.

आनंदीबाईंची मराठी पत्रे ज्याला आली तोच ती जपून ठेवू शकत होता. गोपाळराव तेव्हा हयात होते. इतकेच काय, १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृतींना चहा पाजून त्यांची नावे वृत्तपत्रात जाहीर करणारे आणि साऱ्या पुण्याला प्रायश्चित्ताच्या वादात लोटणारे ते हेच गोपाळराव. पुढे ते ख्रिस्ती झाले आणि पुन्हा हिंदू झाले. अशा मनुष्याच्या हयातीत त्याच्याविरुद्ध साक्ष देणारे पत्र छापून निघाले, याचा अर्थ कसा लावावयाचा? ते पत्र त्याने फाडून टाकले असते तर आज आनंदीबाई केवळ डॉलबाईंच्या चौकटीत उरल्या असत्या. गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे यथार्थ आहे. पण स्वतःच्या विरुद्धचा पुरावा जपून ठेवण्याएवढी प्रामाणिकता त्यांच्यापाशी होती, हे त्यांच्या खात्यावर जमा केले पाहिजे. काशीबाईंनीही त्यांना अभय दिलेले नाही आणि सुळावरही चढविलेले नाही.

तथापि काशीबाईंच्या ग्रंथाने एक नवी अडचण निर्माण केली, आणि ती भाषेच्या अभ्यासकाला अधिक जाचणारी आहे. मराठी चरित्रात मूळ मराठी पत्रे आहेत, तशीच मूळ इंग्रजी पत्रांचा मजकूर मराठीत उतरलेला आहे. छापील पानावर दोहोंची लिपी एक, भाषा एक. एका ठिकाणी आनंदीबाईंचा शब्द आहे, दुसऱ्या ठिकाणी काशीबाईंचा शब्द आनंदीबाईंच्या तोंडी आहे. सावध नसलेला वाचक दोन्ही सारख्याच विश्वासाने उद्धृत करतो. ‘आंट’ची ‘मावशी’ होते ती अशीच, आणि ती झाल्यावर मूळ पत्रातही मावशीच होती असे वाटू लागते. आनंदीबाईंच्या ‘शैली’वर लिहिताना कोणते वाक्य कोणत्या भाषेत जन्मले हे प्रथम ठरविले नाही, तर ते विवेचन वाऱ्यावर उभे राहते.

विसाव्या शतकात या गुंत्यात कादंबरीची भर पडली. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आनंदीबाईंचे नाव पुन्हा घरोघरी गेले. पुढे त्याच नावाने रंगभूमीवर आणि २०१९ मध्ये चित्रपटात ते दांपत्य उभे राहिले. कादंबरीकाराला संवाद लिहिण्याचा अधिकार असतो आणि जोशींनी तो समर्थपणे वापरला. दोष असेल तर तो वाचकांचा, ज्यांनी कादंबरीतील बोलणे पत्रांतील बोलणे म्हणून लक्षात ठेवले. शीर्षकातील दोन नावांची जोडणीही अर्थपूर्ण आहे. तिने कथेचे केंद्र शिकणाऱ्या मुलीवरून शिकविणाऱ्या पतीपर्यंत पसरविले, आणि सामान्य वाचकाच्या मनात मारझोड ही शिक्षणाच्या कडवट मात्रेसारखी होऊन बसली. आनंदीबाईंनी स्वतः दिलेला ‘दोन्ही’ हा निवाडा त्यात हरवला.

मूळ कागदांकडे परत जाण्याचे काम त्यानंतर झाले. अंजली कीर्तने यांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ १९९७ मध्ये आले, मीरा कोसंबी यांनी १९९६ पासून या विषयावर लिहिले आणि त्यांच्या निधनानंतर, २०२० मध्ये, आनंदीबाईंचे जीवन व पत्रे एकत्र देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ संपादित होऊन प्रसिद्ध झाला. दोन पेट्या एकाच टेबलावर येणे हे या संशोधनाचे श्रेय आहे. पण भाषेचा प्रश्न येथे उलट बाजूने उभा राहतो. काशीबाईंच्या पानावर इंग्रजी पत्रे मराठीत बोलत होती. कोसंबींच्या पानावर मराठी पत्रे इंग्रजीत बोलतात. लाकडाच्या तुकड्यांचे आणि खुर्च्यांचे ते पत्र आज जगभर उद्धृत होते ते बहुधा इंग्रजी भाषांतरात, आणि त्या भाषांतरात पतीला दिलेले आदरार्थी बहुवचन अर्थातच दिसत नाही. मारणाऱ्याला आदरार्थी क्रियापद लावून त्याच्या माराची मोजदाद करणे यात जी धार आहे, ती इंग्रजी वाचकाला भाषांतराने देणे शक्यच नाही. उलट, जो केवळ मराठी वाचतो त्याला श्रीरामपूरच्या भाषणातील इंग्रजीची कमावलेली ऐट कळत नाही. एका भाषेत राहणाऱ्या कोणाही वाचकाला आनंदीबाई त्यांच्या स्वतःच्या शब्दांत संपूर्ण भेटत नाहीत.

पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचाही या दृष्टीने विचार व्हावयास हवा. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्याचा विषय. संस्कृत ग्रंथांतील ज्ञान आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील ज्ञान तेथे एकाच लेखणीने इंग्रजीत मांडले आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल जिने थोड्याच दिवसांत गमावले, तिने निवडलेला हा विषय आहे. प्रबंध म्हणजे पत्र नव्हे. त्याला एकच वाचक नसतो. कार्पेंटरबाई किंवा गोपाळराव यांपैकी कोणालाही उद्देशून नसलेले हे तिचे सर्वांत दीर्घ लेखन असून चरित्रकारांनी त्याचा उपयोग बहुधा एका वाक्यापुरता केला आहे.

१८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानाकडून आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची सूत्रे स्वीकारण्याविषयी आनंदीबाईंना पत्र आले आणि त्यांनी होकार कळविला. आठ वर्षांपूर्वी ज्या गावाहून गोपाळरावांचे पहिले विनंतीपत्र निघाले होते, त्याच गावाहून हे आले. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांना पाऊल ठेवता आले नाही. निधनानंतर रक्षा रोझेलच्या मावशींकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत, तिच्यावर शिळा बसविण्यात आली.

या पत्रांची एक साधार आवृत्ती अद्याप व्हावयाची आहे, असे वर्ग-अभ्यासातही वारंवार जाणवते. तीत प्रत्येक पत्र ते ज्या भाषेत लिहिले गेले त्या भाषेत, स्थळ, दिनांक आणि प्राप्तकर्ता यांच्या नोंदीसह छापावे. डॉलबाईंनी उद्धृत केलेला भाग आणि काशीबाईंनी मराठीत दिलेला भाग समोरासमोर ठेवून वगळलेला मजकूर दाखवावा. भाषांतर द्यावयाचे तर ते निराळ्या टंकात द्यावे. संबोधनांची एक स्वतंत्र सूची असावी. कोणत्या महिन्यात कोणाला कोणत्या शब्दाने हाक मारली, एवढे जरी कालक्रमाने मांडले, तरी १८८३ ते १८८५ या दोन वर्षांत पतीच्या आणि मावशीच्या पत्रांचे मायने कसकसे बदलत गेले हे पडताळता येईल, आणि विद्यार्थ्याला आरंभ करण्यास ते काम पुरेसे आहे.